सुई टोचते तिथंच चरबी का धरते? आणि तुमचे बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात आपण शुगरच्या तपासण्यांबद्दल बोललो होतो, त्यात शेवटी मी सहज एक वाक्य लिहिलं होतं की चरबीची पेशी म्हणजे तेलाचं पोतं नव्हे, ती निरोप ऐकते आणि स्वतः निरोप पाठवते पण. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सअॅप मेसेज आले की हा अख्खा कॉलम त्यालाच द्यायचं ठरवलं. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, एकसारखे प्रश्न बरेच होते, त्यातले काही निवडलेत. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही, गाव तेवढं दिलंय.

उदगीरहून एका ताईंनी लिहिलंय : मॅडम, माझ्या आईला नऊ वर्षांपासून शुगर आहे, तीन वर्षं झाली इन्सुलिन चालू आहे. बेंबीच्या डाव्या बाजूला जिथं ती रोज सुई घेते तिथं लिंबाएवढा मऊ फुगवटा आलाय. दुखत नाही, उलट तिथं सुई टोचलेली कळतच नाही म्हणून ती मुद्दाम तिथंच घेते. शेजारच्या बायका गाठ हाय गाठ हाय म्हणून भेव घालायलेत. आणि शुगरचं म्हणाल तर डोस तोच, जेवण तेच, तरी एक दिवस ३२० आणि दुसऱ्या दिवशी ६५. असं कामून होतंय?

ताई, पहिलं काम म्हणजे आईंना डॉक्टरांकडं न्या आणि तो फुगवटा त्यांना हातानं दाबून बघायला सांगा, कारण कुठलीही गाठ पत्रावरून ओळखता येत नाही आणि मी डॉक्टर नाही, जीवशास्त्र शिकवणारी बाई आहे. पण तुम्ही जे लिहिलंय ते इन्सुलिन घेणाऱ्या लोकांत खूप दिसतं. रोज एकाच जागी सुई घेतली की तिथली चरबी फुगते, डॉक्टर लोक त्याला लायपोहायपरट्रॉफी म्हणतात, हा कॅन्सर नव्हे. माझ्या आईला पण होतं. आम्ही ज्या दवाखान्यात जायचो तिथं चार वर्षांत एकदाही कुणी तिच्या पोटाला हात लावून बघितलं नाही, शुगर वाढलेली दिसली की डोस वाढवून द्यायचे आणि आम्ही गुपचूप घ्यायचो. म्हणून हे पत्र मी सगळ्यात आधी घेतलंय.

आता असं का होतं ते सांगते. इन्सुलिन म्हणजे शुगर कमी करायचं औषध एवढंच आपल्या डोक्यात बसलेलं असतं. पेशीच्या बाजूनं बघितलं तर तो एक निरोप आहे, की माल आलाय, साठवून घ्या. हा निरोप स्नायूंना जातो, लिव्हरला जातो, चरबीच्या पेशीला पण जातो, आणि चरबीची पेशी तो लई मनापासून ऐकते. ही पेशी असते पण मोठी, मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास, आणि तिच्या आत मधोमध तेलाचा एकच भलामोठा थेंब असतो, बाकीचा सगळा संसार, केंद्रकासकट, कडेला भिंतीला चिकटून बसलेला. मोंढ्यातलं गोदाम डोळ्यासमोर आणा, पार छतापर्यंत थप्पी लागलेली आणि मुनीमजींचं टेबल दाराजवळच्या कोपऱ्यात, तसं.

गोदामात माल चिठ्ठीशिवाय आत येत नाही की बाहेर जात नाही, तसंच इथं. आणि चिठ्ठी आणणारा स्वतः आत जात नाही बरं का. पेशीच्या अंगावर इन्सुलिनसाठी खास रिसेप्टर असतात, इन्सुलिन बाहेरूनच त्यावर येऊन बसतं, मग रिसेप्टरचा आतला भाग जागा होतो आणि एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडं, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडं असा निरोप आत सरकत जातो. त्यातून तीन कामं होतात. साखर आत घ्यायची दारं, ग्लुट-४ नावाची, जी एरवी पेशीच्या आत छोट्या पिशव्यांत पडून असतात, ती वर भिंतीत येऊन बसतात आणि रक्तातली साखर आत यायला लागते. दुसरं, पेशी एक कात्री तयार करून शेजारच्या रक्तवाहिनीच्या भिंतीवर पाठवते, लायपोप्रोटीन लायपेज तिचं नाव, ती काय करते तर जेवणातलं तेल-तूप रक्तातून जे बारीक पुडक्यांत वाहत असतं ते कापते, कारण चरबी अख्खी पेशीत शिरू शकत नाही, तिचे तुकडे, म्हणजे फॅटी अॅसिड, शिरतात आणि आत गेल्यावर तीन फॅटी अॅसिड एका ग्लिसरॉलला जोडून परत चरबी बनते. आणि तिसरं काम, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, इन्सुलिन असेपर्यंत आतली चरबी फोडायचं काम जवळजवळ बंद राहतं.

स्वादुपिंडातून येणारं इन्सुलिन सगळ्या अंगात वाटलं जातं. सुईनं घेतलेलं मात्र आधी त्या एका रुपयाएवढ्या जागेत जमा होतं, मग हळूहळू रक्तात जातं. म्हणजे तिथल्या पेशींच्या कानात रोज, वर्षानुवर्षं, कुणीतरी साठवा साठवा म्हणून ओरडतंय. त्या फुगणारच. आणि फुगलेल्या जागेतून इन्सुलिन रक्तात नीट जात नाही, कधी अडकून बसतं, कधी एकदम सुटतं, म्हणून तर एक दिवस ३२० आणि एक दिवस ६५.

उपाय साधा आहे पण एक धोका सांगते तो नीट वाचा. जागा बदलत राहायचं, पोटाच्या दोन्ही बाजू, मांड्या, डॉक्टर सांगतील तशा, आणि प्रत्येक सुई आधीच्या जागेपासून बोटभर तरी लांब. सुई परत परत वापरायची नाही, खर्च वाचवायला वापरतात मला माहीत आहे, पण बोथट सुईनं हा त्रास वाढतो. फुगलेल्या जागेला महिनोन्महिने अजिबात टोचायचं नाही, बहुतेक वेळा हळूहळू बसतं. धोका हा की चांगल्या जागी तोच डोस घेतला की तो पूर्ण लागू पडतो आणि शुगर धाडकन खाली येऊ शकते. म्हणून जागा बदलायच्या आधी डॉक्टरांना विचारा डोस कमी करायचा का, आणि ते पहिले काही दिवस शुगर जास्त वेळा तपासा, साखर जवळ ठेवा.

जिंतूर तालुक्यातून एक शेतकरी दादा : आम्ही थोडी का होईना करडई पेरतोच. बी वर्षभर पोत्यात ऱ्हातं, पोतं तेलकट होत नाही, पण खलबत्त्यात ठेचलं की लगेच तेल सुटतं. मग इतके दिवस बियात तेल धरून कोण ठेवतं? आपल्या अंगात चरबी असंच ऱ्हाते का?

दादा, इतका सुंदर प्रश्न मला वर्गात कुणी विचारला नव्हता. करडईच्या बियात साधारण तीस टक्के तेल असतं, परभणीच्या कृषी विद्यापीठाची परभणी कुसुम ही जात तुम्ही बघितलीच असंल, आणि ते सगळं तेल बारीक बारीक थेंबांत वाटलेलं असतं, एक थेंब मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा. प्रत्येक थेंबाला पातळ पापुद्रा असतो आणि त्या पापुद्र्यात ओलिओसिन नावाचं प्रथिन टाचणीसारखं तेलात खुपसलेलं असतं. या टाचण्यांमुळं थेंब एकमेकांत मिसळत नाहीत, बी कडक वाळलं तरी नाहीत. तुम्ही ठेचलं की पापुद्रे फाटतात आणि तेल एकत्र येतं. घाण्यात पण तेच होतं, नुसतं मोठ्या प्रमाणावर.

आपल्या चरबीच्या पेशीतल्या थेंबाला पण असाच एकेरी पापुद्रा असतो, पेशीची बाकीची आवरणं दुहेरी असतात, ही एकेरी. आणि ओलिओसिनच्या जागी आपल्याकडं पेरिलिपिन नावाचं राखणदार प्रथिन असतं, त्याच्याबद्दल पुढच्या उत्तरात सांगते. फरक एवढा की बियाला तेल लवकर वापरायचं असतं म्हणून थेंब बारीक, आणि आपली पेशी लांबच्या हिशोबानं साठवते म्हणून थेंब एकच आणि मोठा.

अजून एक गोष्ट, जी मला दर वेळी शिकवताना थांबवते. बी ओलीत पडलं की ते तेलापासून साखर बनवतं आणि त्या साखरेवर कोंब वर येतो. तुमच्या बांधावर जो एरंड असतो ना, त्याच्याच बियांवर हॅरी बीव्हर्स आणि त्यांच्या सोबत्यांनी १९५७ साली ही वाट शोधली. आपल्याला ही वाट नाही. माणसाच्या अंगात साखरेची चरबी होते पण चरबीतल्या फॅटी अॅसिडची परत साखर होत नाही, फक्त त्यातला तो छोटा ग्लिसरॉलचा तुकडा लिव्हर वापरू शकतं. जे काम करडईचं एक बी रब्बीत सहज करतं ते आपल्याला जमत नाही.

आणि करडईचं तेल हलकं, त्यानं चरबी होत नाही असं आपल्याकडं म्हणतात, ते खरं नाही. तेल चांगलंच आहे, त्यात तीन-चतुर्थांशाच्या आसपास लिनोलिक अॅसिड नावाचं फॅटी अॅसिड असतं, पण कुठल्याही तेलाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, करडईचं असो की पामचं.

धाराशिवहून एका बाईंनी लिहिलंय : नवरात्रात मी नऊ दिवस कडक उपास केले, वजन कमी व्हायचं तर अर्धा किलो वाढलं. आमचे हे काही उपास-बिपास करत नाहीत, कोजागिरीला तुळजापूरला चालत गेले आणि दोन किलो उतरवून आले. देवीनं माझ्यावरच का रागावावं?

ताई, देवी रागावली नाही, हे वाक्य वाचून मला वाईट वाटलं म्हणून आधी तेच सांगते. तुमच्या उपासाच्या ताटात काय होतं ते तुम्ही पुढं लिहिलंय, सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी भगर आणि शेंगदाण्याची आमटी, संध्याकाळी बटाट्याचा कीस, मध्ये चहा चार वेळा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, खाल्ला की शुगर पटकन चढते आणि मागोमाग इन्सुलिन. शेंगदाण्यात निम्मं तेल. म्हणजे नऊ दिवस गोदामाला दिवसभर आत घ्यायच्याच चिठ्ठ्या आणि माल पण भरपूर, बाहेर काढायची चिठ्ठी आली असंल ती फक्त पहाटेच्या सुमाराला. एकटं इन्सुलिन वाईट असं पण समजू नका हं, शेवटी अंगात किती गेलं आणि किती जळालं यावरच जमाखर्च ठरतो, इन्सुलिन फक्त कुठल्या वेळी कुठलं दार उघडं ते ठरवतं.

आता तुमच्या मालकांच्या अंगात काय झालं बघा. चालायला लागल्यावर थोड्या वेळात इन्सुलिन खाली येतं, आणि अॅड्रेनलिन आणि त्याचा भाऊ नॉरअॅड्रेनलिन वर जातात. नॉरअॅड्रेनलिन तर चरबीत शिरलेल्या नसांच्या टोकातूनच सुटतं, म्हणजे मेंदूची थेट तार आहे तिथं. ते पेशीच्या अंगावरच्या दुसऱ्या एका रिसेप्टरवर बसतं, आत सायक्लिक एएमपी नावाचा छोटा रेणू भराभर तयार होतो, हा रेणू शोधला म्हणून अर्ल सदरलँड यांना १९७१ साली नोबेल मिळालं, आणि त्याच्यामुळं एक एन्झाइम, म्हणजे पेशीतली कामं घडवून आणणारं प्रथिन, जागं होऊन पेरिलिपिनवर फॉस्फेटचे ठप्पे मारतं. एरवी हे पेरिलिपिन थेंबाभोवती पहारा देत असतं, कुणाला जवळ येऊ देत नाही. ठप्पे बसले की पहारा ढिला पडतो आणि चरबी कापणारी एन्झाइम थेंबावर येतात. तीन फॅटी अॅसिड, तीन वेळा कापायचं, आणि तीन वेगवेगळी एन्झाइम. गंमत म्हणजे पहिला काप मारणारं एन्झाइम सगळ्यात उशिरा सापडलं, २००४ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथल्या लोकांनी त्याची ओळख पटवली, तोपर्यंत सगळं श्रेय दुसऱ्याच एन्झाइमला जायचं. सुटलेली फॅटी अॅसिड रक्तातल्या अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाच्या पाठीवर बसून पायांच्या स्नायूंपर्यंत जातात आणि तिथं जळतात.

जळून जातात कुठं हा प्रश्न पण तिघाचौघांनी विचारलाय, बहुतेकांना वाटतं घामातून नाहीतर शौचातून. श्वासातून. दहा किलो चरबी पूर्ण जळली तर ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन नाकातोंडातून जाते आणि १.६ किलोचं पाणी होतं. मालक तुळजापूरच्या रस्त्यावर आई राजा उदो उदो म्हणत जो श्वास सोडत होते त्यात त्यांची चरबी होती.

मात्र त्यांचे दोन किलो सगळे चरबीचे नाहीत, हे त्यांना पण वाचून दाखवा. आपल्या अंगात साखरेचा पण एक छोटा साठा असतो, ग्लायकोजेन, लिव्हरमध्ये शंभर ग्रॅमच्या आसपास आणि स्नायूंमध्ये चारशेच्या आसपास, आणि ते प्रत्येक ग्रॅममागं साधारण तीन ग्रॅम पाणी धरून बसतं. लांब चाललं की आधी ते संपतं, पाणी सुटतं, काटा पटकन खाली येतो आणि घरी येऊन दोन दिवस जेवलं की परत वर. म्हणूनच शरीरानं लांबचा साठा चरबीत ठेवलाय. बारा किलो चरबीत जेवढी ताकद असते तेवढी ग्लायकोजेनमध्ये ठेवायची म्हटलं तर पाण्यासकट शंभर किलोच्या पुढं ओझं झालं असतं, चालणं सोडा उठून बसता पण आलं नसतं.

चालण्याबद्दल अजून एक, शुगर असलेल्या सगळ्यांसाठी. काम करणारा स्नायू साखरेची दारं इन्सुलिनची चिठ्ठी नसताना पण उघडतो. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं पाय मोकळे करायला सांगतात ते याचसाठी. आणि ज्यांना शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी कडक उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नका, शुगर एकदम खाली जाते, नवस नंतर पण फेडता येतो.

अंबडहून : आजीचे गुडघे दुखायचे, बाजारात एक जण पुड्या देतो, त्या आठ महिन्यांपासून चालू आहेत. दुखणं जादूसारखं थांबलं, पण तोंड चंद्रासारखं गोल झालंय, मानेमागं मांसाचा उंचवटा आलाय, पोट सुटलंय आणि हातपाय मात्र काड्या झालेत. सगळे म्हणतात म्हातारीची तब्येत सुधारली.

तब्येत सुधारली नाही. हे वाचून मी त्याच दिवशी तुम्हाला मेसेज केलाय, तरी इथं छापते कारण अशा आज्या गावोगाव आहेत. अशा बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं आणि तुम्ही सांगितलेली लक्षणं त्याच्याशी जुळतात. पुड्या एकदम बंद करू नका, हे मी मुद्दाम आधी सांगते, कारण बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की अंगातली स्वतःचं कॉर्टिसोल, म्हणजे अंगातलंच स्टेरॉइड, बनवणारी ग्रंथी झोपी जाते आणि अचानक बंद केलं तर बीपी कोसळून माणसाच्या जिवावर बेतू शकतं. पुड्या सोबत घेऊन लगेच फिजिशियनकडं जा, ते तपासून डोस हळूहळू उतरवतील.

चरबीच्या बाजूनं सांगायचं तर कॉर्टिसोलचा निरोप इन्सुलिनसारखा दारावर थांबत नाही. तो स्वतः तेलात विरघळणारा असल्यामुळं पेशीच्या भिंतीतून सरळ आत जातो, आतल्या रिसेप्टरला धरून केंद्रकात शिरतो आणि कुठली जनुकं चालवायची तेच बदलून टाकतो. सगळ्या जागच्या चरबीच्या पेशी एकच निरोप सारखा ऐकत नाहीत, म्हणून चेहरा, मान आणि पोट भरतं आणि हातपायाचे स्नायू मात्र झिजतात. वरून शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात. आजीला गोल चेहरा शोभतो असं कुणी म्हणालं तर त्यांना हे पान दाखवा.

लातूरहून नीटची तयारी करणारी एक मुलगी : पेशीला ऐकू येतं हे तुम्ही म्हणता, पण हे शास्त्रज्ञांना कळलं कसं? आणि पेशी निरोप पाठवते म्हणजे चरबीला ग्रंथी म्हणायचं का?

म्हणायला हरकत नाही बाळा, आणि आता तसंच मानतात. कळलं कसं त्याची गोष्ट मला फार आवडते. मार्टिन रॉडबेल म्हणून अमेरिकन शास्त्रज्ञ होते, बेथेस्डा इथं काम करायचे. त्यांनी १९६४ मध्ये उंदराच्या चरबीचा तुकडा घेऊन त्यावर कोलॅजिनेज नावाचं एन्झाइम टाकलं, त्यानं पेशींना बांधून ठेवणारं जाळं विरघळलं आणि चरबीच्या पेशी सुट्ट्या होऊन पाण्यावर तरंगायला लागल्या, रश्श्यावर तर्री येते तशा. बाकीच्या पेशी खाली बसल्या. वरचं अलगद काढून घेतलं आणि त्या सुट्ट्या पेशींना इन्सुलिन दिलं, अॅड्रेनलिन दिलं, तर त्या अंगात असताना जशा वागायच्या तशाच वागल्या. म्हणजे ऐकायचं यंत्र प्रत्येक पेशीचं स्वतःचं असतं हे समोर दिसलं. पुढं बाहेरचा निरोप आत कोण पोचवतं हे शोधता शोधता मध्ये एक दलाल आहे हे त्यांच्या लक्षात आलं, त्यालाच आपण आज जी-प्रोटीन म्हणतो, आणि त्यासाठी १९९४ चं नोबेल त्यांना आणि आल्फ्रेड गिलमन यांना मिळालं. तुझ्या पुस्तकात जी-प्रोटीनची जी आकृती आहे तिच्या मुळाशी तरंगणाऱ्या चरबीच्या पेशी आहेत.

त्याच १९९४ मध्ये डिसेंबरात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या जेफ्री फ्रीडमन यांच्या टीमनं चरबीच्या पेशीतून निघणाऱ्या हार्मोनचं जनुक शोधलं, त्याला पुढं लेप्टिन हे नाव दिलं, ग्रीकमध्ये लेप्टोस म्हणजे बारीक. त्याच्या आधी कित्येक वर्षं डग्लस कोलमन यांनी खा खा सुटलेला एक जाडजूड उंदीर आणि एक साधा उंदीर शस्त्रक्रियेनं एकमेकांना जोडून बघितले होते, रक्त एकाचं दुसऱ्यात जायला लागल्यावर जाड्याचं खाणं कमी झालं, म्हणजे साध्याच्या रक्तात पुरे म्हणणारं काहीतरी होतं जे जाड्याकडं नव्हतं. ते काहीतरी म्हणजे लेप्टिन. साठा किती आहे हे चरबी त्याच्या मार्फत मेंदूला कळवत असते.

मग लेप्टिनची सुई घेतली की सगळे बारीक होतील असं तेव्हा लोकांना वाटलं, तसं झालं नाही. लठ्ठ माणसांत लेप्टिन बहुतेक वेळा भरपूरच असतं, मेंदू त्याला दाद देत नाही. ज्यांच्यात जन्मतःच लेप्टिन बनत नाही अशा अगदी मोजक्या मुलांना मात्र त्या सुईचा फार उपयोग होतो. आणि वजन उतरवल्यावर परत का चढतं हे तुझ्या आईनं विचारलंय त्याचं उत्तर पण इथंच आहे, चरबी कमी झाली की लेप्टिन घसरतं आणि मेंदू समजतो दुष्काळ पडला, भूक वाढवतो. शिवाय पेशींची संख्या कमी होत नाही, त्या नुसत्या आक्रसतात. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या कर्स्टी स्पाल्डिंग यांनी २००८ मध्ये हे दाखवलं, त्यासाठी त्यांनी अणुचाचण्यांमुळं हवेत पसरलेला कार्बन-१४, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, पेशींच्या डीएनएत किती आहे ते मोजून पेशीचं वय काढलं. मोठ्या माणसात वर्षाला दहा टक्के चरबीच्या पेशी मरतात आणि तेवढ्याच नव्या येतात. आईला म्हणावं, तुमची जिद्द कमी पडत नाही, अंगच ओढ घेतंय, त्याच्याशी हळूहळूच जुळवून घ्यावं लागतं.

केज तालुक्यातून, वय ३१ : माझं वजन ५८ किलो, सगळे सुकडा म्हणतात, तरी शुगर निघाली. पोट तेवढं पुढं आहे. लठ्ठ लोकांचा आजार मला कसा? आई ऊसतोडीला जायची, माझा जन्म पण तिकडं फडावरच झालाय.

तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतली बाळं आणि इंग्लंडच्या साउथहॅम्प्टनची बाळं मोजून ताडून बघितली, २००३ मध्ये ते छापून आलं. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. पण आपल्या बाळांत स्नायू कमी आणि चरबी मात्र त्या मानानं टिकून, बारीक दिसणारं पण आतून चरबी राखलेलं बाळ. पोटात असताना आईला पुरेसं मिळालं नाही, कष्ट जास्त झाले, तर बाळाचं अंग असं घडू शकतं. पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतःचा आणि इंग्लंडमधल्या जॉन युडकिन या मित्राचा शेजारी उभा फोटो छापला, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, सारखाच २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के.

कातडीखालची चरबी ही तशी सुरक्षित जागा. ती भरली, किंवा मुळातच कमी असली, की तेल लिव्हरमध्ये, स्नायूंमध्ये, पोटातल्या अवयवांभोवती जाऊन बसतं, जिथं त्याचं काम नाही, आणि तिथल्या पेशींना मग इन्सुलिनचा निरोप नीट ऐकू येत नाही. म्हणून तुमच्यासाठी वजनकाट्यापेक्षा टेप महत्त्वाचा, आपल्या लोकांत पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत आणि बाईची ८० च्या आत असावी असं धरतात. जेवण कमी करून अजून सुकू नका. डाळ, अंडी, मटकी वाढवा, स्नायू होतील असं काम किंवा व्यायाम करा, औषध डॉक्टर सांगतील तसं. यात तुमची चूक नाही, आणि तुमच्या आईची तर त्याहून नाही.

छत्रपती संभाजीनगरहून : कंबरेला बांधायचा थरथरणारा बेल्ट ऑनलाइन मागवलाय, त्यानं फक्त पोटाची चरबी जाईल का?

नाही. चरबी सोडायची चिठ्ठी रक्तातून आणि नसांतून येते, बाहेरून हलवल्यानं पेरिलिपिनवर एक पण ठप्पा बसत नाही, आणि कुठल्या जागची चरबी आधी उतरणार हे तिथल्या रिसेप्टरवर ठरतं, बायकांच्या मांड्यांवरची म्हणून तर सगळ्यात शेवटी उतरते. बेल्ट परत करायची मुदत शिल्लक असंल तर आजच परत करा.